गुरुवारचं लाकूड

भट्टीत टाकण्याआधी मी प्रत्येक लाकूड हातात धरून बघतो. पंचवीस वर्षं वखारीत आरा ओढला, त्याची ही सवय. सफेदा हाताला पोकळ लागतो आणि भरभर जळून जातो. कैल धूर करतो. देवदार फोडला की आधी वास येतो, मग ऊब. अक्रोड कुणी जाळायला देत नाही, आणि दिलाच तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजावं.

त्या गुरुवारी खिजरच्या मोळीतली एक फळी उचलली आणि ती हातातून सुटेना. फळी देवदाराची, जुनी, मधोमध झिजून खोलगट झालेली. कडेला खिळ्यांची चार भोकं. पाण्यानं झिजलेलं लाकूड खरबरीत असतं. हे गुळगुळीत होतं, तेल लावल्यासारखं. असं लाकूड फक्त पावलांनी झिजतं. ती जिन्याची पायरी होती.

त्या जिन्यावरून मी चढलेला आहे. खिजरच्या लग्नात आम्ही त्याला खांद्यावर घेऊन वर नेला होता आणि माझं डोकं चौकटीला आपटलं होतं.

मोळीत अशा सहा पायऱ्या होत्या. मी त्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि दुपारपर्यंत बाकीची लाकडं जाळली. दुपारी वरून काठीचे ठोके पडले. फरशी गार होतेय, असा त्याचा अर्थ. भट्टीच्या मुखाशी मी एकटा असतो, मशिदीच्या मागे तीन पायऱ्या खाली. वर तापलेल्या दगडी फरशीवर मोहल्ल्यातले म्हातारे पाय पसरून बसतात. पुन्हा ठोके पडले. दुसरं लाकूड उरलं नव्हतं. मी पायऱ्या आत सारल्या.

आमच्या मशिदीच्या हमामाला, म्हणजे त्या तापत्या फरशीच्या खोलीला, लाकूड घरोघरचं येतं. प्रत्येक घराचा वार ठरलेला. खिजरचा गुरुवार. चिल्लई कलानचे, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस भट्टी विझू द्यायची नाही, कारण अर्ध्या मोहल्ल्याच्या घरात तेव्हा ऊब म्हणजे फेरनच्या पायघोळ झग्याआत धरलेली निखाऱ्यांची एक कांगडी, बस. ती कांगडी बाईला आणि लेकरांना ठेवायची आणि आपण हमामात येऊन बसायचं, असं कितीतरी पुरुष करतात. कुणी बोलून दाखवत नाही.

खिजर त्या वर्षी पहाटेच्या नमाजाला यायचा तो संध्याकाळीच उठायचा. मांडीवर शाल, हातात सुई. खिजर रफूगर म्हणजे ज्यानं रफू केलेली जागा शालीचा मालकही शोधू शकत नसे. पण त्या हिवाळ्यात मी चार वेळा लाकडाचा हिशोब सांगायला वर गेलो आणि चारही वेळा सुईत तोच दोरा तेवढाच होता.

लसा कांदुर, आमचा रोटीवाला, तंदूर आवरून आला की त्याची मस्करी सुरू व्हायची.

"काय खिजर काक, मुगली देदनं घरातून हाकललं का? फरशीवर तुमच्या बुडाचा ठसा उमटलाय."

"तुझ्या रोटीपेक्षा ही फरशी मऊ आहे रे. म्हणून बसतो."

"मग उद्यापासून फरशीच खा. माझी उधारी वाचेल."

सगळे हसायचे, खिजर सगळ्यात मोठ्यानं.

तो मोहल्ल्याच्या कमिटीतला सगळ्यात जुना माणूस. पाच जणांची कमिटी, बैतुलमाल, म्हणजे गरजूंसाठीचा निधी, बघायची. हिवाळ्यात कुणाच्या घरी तांदूळ संपला, कुणाला कोळसा हवा, कुणा म्हातारीच्या छपरावरचं बर्फ काढायला माणसं धाडायची, कुणाचं औषध आणायचं, हे सगळं निसार मास्तर लिहून ठेवायचे, पण नाव सुचवायचं काम खिजरचं. त्याला कसं कळायचं कोण जाणे. एखादी बाई नळावर भांडी घासताना गप्प असली की खिजर म्हणायचा, हिच्या घरी पोतं जाऊ दे. पोती पोचवायचं काम माझं. पहाटे, पुरुष नमाजात असताना, दाराशी पोतं ठेवायचं, कडी एकदाच वाजवायची आणि वळून चालू लागायचं. मागं बघायचं नाही. हा नियम खिजरचा. ज्या घरी पोतं गेलं त्या घराचं नाव हमामात निघता कामा नये, हाही त्याचाच. एकदा शहरातली एक संस्था घोंगड्या घेऊन आली आणि प्रत्येक घोंगडीसोबत माणसाचा फोटो काढू लागली. खिजर म्हणाला, "घोंगड्या ठेवा, कॅमेरा घेऊन जा." ते दोन्ही घेऊन गेले. लसा आठवडाभर खिजरच्या नावानं बोटं मोडत होता. खिजर म्हणाला, थंडी जाते, फोटो राहतो.

आता असा माणूस स्वतःचं नाव यादीत कसं घालणार? आणि कमिटीतून उठायचं म्हटलं तर का उठतोस याचं उत्तर द्यावं लागणार.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. निमित्त होतं. शरदात त्यानं माझी करवत नेली होती. मोरीचा दरवाजा कापायचाय म्हणाला होता. खिजर हमामात आहे हे बघूनच मी निघालो.

त्याच्या बायकोनं, मुगलीनं, दार उघडलं, हातभरच. अंगावर रजई तशीच गुंडाळलेली.

"करवत न्यायला आलो," मी म्हणालो.

"ती वर आहे, सोन काक."

मी तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. जिना होता तिथं काळोखाची एक उभी भेग होती आणि भिंतीला शिडी टेकलेली. कठडाही नव्हता. घरात चुलीचा वास नव्हता. शिजल्याचा नाही, जळल्याचाही नाही.

"जिना दुरुस्तीला काढलाय," ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं.

"बारामुल्लाला कळवलंस? पोरीला?"

"पोरीच्या सासरी काय कळवायचं? आईच्या घरचा जिना दुरुस्तीला काढलाय म्हणून?" ती हसली. दात वाजत होते म्हणून हसणं तुटक आलं. "त्यांना दिसत नाही हो आता. दोरा मी ओवून देते. सकाळी एकदाच. मग तो दिवसभर तसाच."

"मी बोलतो निसार मास्तरांशी."

"बोललात तर ते पुन्हा बाहेर पडणार नाहीत," मुगली म्हणाली. "मला कांगडी मिळते ती ते तिकडं बसतात म्हणून. तेवढं ठेवा."

तिनं दार लावलं. मी करवत न घेताच परत आलो. झूनला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, सापडली नाही म्हणे.

चार-पाच दिवस मी डोक्यात एकच गोष्ट घोळवत होतो. सरळ दिलेलं तो घेणार नाही. मग त्यानं जिंकलेलं? पहिलं बर्फ पडायचं होतं अजून.

नव शीनच्या, म्हणजे पहिल्या बर्फाच्या, दिवशी आमच्याकडे कुणी कुणाच्या हातून काही घेत नाही. आगपेटी नाही, तंबाखूची डबी नाही, पत्र आलं तरी म्हणतात जमिनीवर ठेव. कारण कशातही पहिल्या बर्फाचा गोळा दडवलेला असतो, आणि ज्यानं हात पुढे केला तो हरला. मग जिंकणारा मागेल ते द्यायचं. बहुतेक कोंबडा मागतात, नाहीतर जेवण. पण मागेल ते म्हणजे मागेल ते, आणि कुणी नाही म्हटल्याचं मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. माझ्या चुलत्यानं कुणा एकाला पाच मेंढ्या दिल्या होत्या. रडत दिल्या, पण दिल्या.

मी ठरवलं, खिजरसमोर हरायचं. तो जेवण मागेल. मी जेवणासोबत गाडीभर लाकूड धाडीन, तांदूळ धाडीन, आणि वर चिडल्याचं नाटक करीन. जिंकलेल्या माणसाला मिळालेलं कुणी दान म्हणत नाही.

बर्फ पडलं ते सकाळी, नमाज सुटता सुटता. मी मुद्दाम खिजरच्या आसपास घुटमळलो. त्यानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मी खाली येऊन भट्टी लावली. तासाभरानं तो स्वतः तीन पायऱ्या चाचपत उतरला. तिथं कुणी येत नाही. काखेत शालीची घडी होती.

"जरा हे धर रे. गुडघा आखडलाय."

घडी हातात घेण्याआधीच तिचा गारवा माझ्या बोटांना लागला होता. मी घेतली. तोंडही वाकडं केलं, "अरे लबाडा!" असं ओरडलो. लहान पोरंसुद्धा याहून बरं नाटक करतात.

खिजर हसला नाही.

"हरलास."

"हरलो. माग. कोंबडा माग, बकरा माग. वर्षाचं लाकूड माग, मी काय करणार."

"जिना. माझे डोळे. मुगली तुला काय बोलली ते. कुणाजवळ काढायचं नाही. झूनजवळसुद्धा नाही. एवढंच मागतो."

शालीतलं बर्फ वितळून माझ्या मनगटावरून फेरनमध्ये शिरत होतं.

"हे मागणं नव्हे, खिजर."

"हरलास की नाही?"

मी मनगट फेरनला पुसलं.

"मुद्दाम हरलास ते मला कळत नाही होय? डोळे गेलेत. बाकीचं सगळं जागेवर आहे." त्यानं घडी परत घेतली, झटकली. "तू पोती पोचवतोस तेव्हा वळून चालू लागतोस. मी एकदा, फार पूर्वी, गल्लीच्या तोंडाशी थांबून बघितलं होतं. पोतं आत ओढणाऱ्या माणसाचं तोंड मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस."

मग तो वर गेला. थोड्या वेळानं फरशीतून हसण्याचा गलका ऐकू आला. सोन हरला, सोन हरला. लसाचा आवाज सगळ्यांच्या वर. "काय मागितलंत काक? नवी बायको तर नाही ना? त्याच्याकडे आहे तीच त्याला जड जाते!" आणि खिजर म्हणत होता, ते आमच्या दोघांतलं.

माझा हात मीच पुढे केला होता. आता तोंड बंद.

पुढच्या गुरुवारी कठडा आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी वरच्या खोलीच्या जमिनीच्या फळ्या, एका अंगाला अजून शेणमातीचा लेप असलेल्या. मी त्या जाळल्या. फळी जमिनीची असली तर माणूस खाली राहू शकतो, असं मनाला समजावलं. रात्री झोप नीट लागत नसे. झून म्हणायची, तुला त्या बर्फात काहीतरी बाधलंय. मी म्हणायचो, धूर.

चिल्लई कलानच्या पंचविसाव्या दिवशी, गुरुवारीच, मोळी बांधून आली नाही. खिजर ती ओढत आणत होता. तीन तुकडे, मांडीएवढे जाड, ताजे कापलेले. देवदाराचा वास त्याच्या आधी पायऱ्या उतरून आला. कापलेल्या तोंडावर करवतीचे दात उमटलेले होते, एक दात तुटका. करवत माझीच.

"हे मी जाळणार नाही," मी म्हणालो.

"माझं लाकूड आहे."

"हे लाकूड नव्हे. ही तुळई आहे. भिंती फाकू नयेत म्हणून धरून ठेवते ती. खालचं कुणी काढलं तर घर उघडं पडतं. हे काढलं तर घर बसतं. किती काढल्यास?"

"दोन."

"कितीतल्या दोन?"

त्यानं एक तुकडा भट्टीकडे सरकवला. तसल्या जुन्या पद्धतीच्या घरांना माळ्यावर चार तुळया असतात. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

"खिजर, माझ्या अंगणात लाकूड पडलंय. तुझ्या गुरुवारी मी ते तुझ्या नावानं टाकतो. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मुगली आत झोपते त्या छपराखाली!"

"मीही झोपतो." तो भट्टीच्या दिशेनं बघत होता, किंवा उबेच्या दिशेनं. "या भट्टीत माझ्या बापाचं लाकूड पडत आलंय, त्याच्या बापाचं पडलंय. एक गुरुवार रिकामा गेला की हमामात विचारणार, खिजरकडून का नाही आलं. मग निसार मास्तर कागद काढणार. मग एका पहाटे तू माझ्या दारात येऊन कडी वाजवणार आणि वळणार. ते मला चालणार नाही. जाळ."

मी ते तीन तुकडे जाळले नाहीत. कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवले आणि माझ्या अंगणातलं लाकूड आणून टाकलं. त्याला सांगितलं नाही. तो वर ऊब घेत बसला होता आणि आपलीच तुळई जळतेय असं समजत होता.

त्या संध्याकाळी बर्फ सुरू झालं. आधी वाऱ्यावर उडणारं, मग वारा थांबला आणि सरळ, जड, ओलं पडू लागलं. शुक्रवारी दिवसभर. शनिवारी वीज गेली. गल्ली कमरेपर्यंत भरली. लोकांनी दारापासून नळापर्यंत चर खणले आणि त्या चरांतून मुंग्यांसारखी ये-जा सुरू झाली. दोन घरांच्या मधल्या भिंती दिसेनाशा झाल्या. कांदुराचा तंदूर पेटत होता तोवर रोटी मिळत होती. शनिवारी दुपारी पीठ संपलं. आकाश इतकं खाली आलं होतं की मिनाराचा वरचा भाग त्यात बुडालेला.

शनिवारी कमिटी हमामात बसली. छपरं साफ करायला माणसं सहा, शिड्या दोन. मी लाकडाचं सांगायला वर गेलो होतो. निसार मास्तर कागद धरून एकेक घर वाचत होते.

"खिजर काक, तुमचं तिसरं लावू का? पत्रा जुना आहे तुमचा."

"माझं शेवटी लावा," खिजर म्हणाला. "माझा उतार सरळ आहे, बर्फ आपोआप घसरतं. आधी त्या शिंप्याच्या विधवेचं करा, मग हकीमाच्या मागचं. दोन्ही घरांत लहान लेकरं आहेत."

"धन्य हो काक," कुणीतरी म्हणालं.

मी दारात उभा होतो. माझ्या हातात रिकामी टोपली होती. खिजरनं मान माझ्याकडे वळवली. मी कुठं उभा आहे ते त्याला माझ्या श्वासावरून कळत असावं. मी टोपली घेऊन खाली आलो.

रविवारी सकाळी मी राख काढत होतो. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि मला वाटलं खिजर. झून होती. चाळीस वर्षांच्या संसारात ती तिथं कधी आली नव्हती. फेरन गुडघ्यापर्यंत ओला, डोक्यावर बर्फ.

"मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "तू हरलायस म्हणे, तोंडाला कुलूप आहे. मीच सांगते. मुगलीनं आज सकाळी खिडकीतून हाक मारली. त्यांच्या मागच्या भिंतीत फट पडलीय, हात जाईल एवढी. माती गळतेय. पहाटेपासून वरून कर्र कर्र आवाज येतोय. मी म्हटलं, माझ्याकडे ये. म्हणाली, त्यांनी सांगितलंय हलायचं नाही, छपराला काही होत नाही."

"खिजर कुठं आहे?"

"कुठं असणार? तुझ्या डोक्यावर बसलाय, ऊब खात." तिनं फेरनची बाही पिळली. "तुला बोलता येत नसेल तर मी जाते आत. बाई हमामात शिरली म्हणून मशीद पडणार नाही. तिचं छप्पर मात्र पडेल."

ती वळलीसुद्धा. मी तिला जाऊ दिलं असतं तर माझा शब्द राहिला असता. खिजरला मी म्हणू शकलो असतो, मी कुठं बोललो? आतापर्यंत मी स्वतःला असंच काहीबाही सांगत आलो होतो, फळी जमिनीची आहे, पायरी जिन्याची आहे. पण कबूल मी केलं होतं. मोडायचं तर मीच मोडायला हवं होतं.

"थांब," मी म्हणालो, आणि वर गेलो.

हमामात वीस-बावीस माणसं होती. काळोखी वाफ, ओल्या लोकरीचा वास. खिजर आपल्या जागी, मांडीवर शाल.

"खिजरच्या घराचा जिना मी जाळलाय," मी म्हणालो. आवाज मोठा आला, मलाच दचकायला झालं. "कठडा जाळलाय. वरच्या मजल्याची जमीन जाळलीय. महिनाभर तुम्ही त्याच्यावर बसलाय. माळ्याच्या दोन तुळया कापल्यात. एकीचे तुकडे खाली माझ्याकडे आहेत. त्याच्या छपरावर तीन दिवसांचं बर्फ आहे आणि मुगली त्याच्याखाली आहे."

लसा फरशीवर तळवा टेकून बसला होता. त्यानं हात उचलून घेतला.

मग निसार मास्तर म्हणाले, "काक? खरं?"

खिजर उठला. दारापर्यंत आला आणि खाली बसून बूट शोधू लागला. वीस-बावीस जोड होते. तो एकेक चाचपत होता, उचलत होता, ठेवत होता. तेव्हा सगळ्यांना कळलं की त्याला दिसत नाही. लसानं त्याचे बूट उचलून पुढे धरले. खिजरनं ते घेतले नाहीत. लसानं ते त्याच्या पायाशी ठेवले आणि बाजूला झाला. मग खिजरनं घातले.

माझ्याजवळून जाताना तो म्हणाला, "पाच मेंढ्या दिल्या होत्या तुझ्या चुलत्यानं."

तो चरातून घराकडे गेला. मागोमाग सगळे. फावडी, शिड्या, दोर. झून आधीच पोचली होती. तिनं मुगलीला रजईसकट बाहेर काढलं आणि तिच्या पाठीवर थापट्या मारत आमच्या घराकडे नेलं. मुगली एकदाही मागं वळली नाही. खिजर आत शिरला आणि आतून कडी लागली.

निसार मास्तरांनी दारावर थाप मारली. "काक, बाहेर या. माणूस आत असताना छपरावर चढता येत नाही."

"मग चढू नका. माझं छप्पर आहे."

"अहो, दोन्ही बाजूंनी एकदम हलकं करावं लागेल. एका अंगाला वजन राहिलं तर—"

"निसार, तुला शाळेत मी शाल पांघरून नेलंय. मला शिकवू नकोस."

वरून कर्र असा आवाज आला. सगळे एक पाऊल मागे सरले. मास्तर माझ्याकडे बघू लागले, जणू हे दार मीच बंद केलंय. एका अर्थी केलंच होतं.

मागच्या भिंतीची फट मला माहीत झाली होती. मी तिकडून गेलो. फटीशेजारच्या खिडकीची फळी ढिली होती, ती सरकवली आणि आत शिरलो. बाहेर ओरडलो, "आम्ही दोघं आत आहोत. मधल्या भिंतीला टेकून बसतो. दोन्हीकडून शिड्या लावा आणि सारखं सारखं काढा. पत्र्यावर पाय देऊ नका."

"सोन काक, बाहेर निघा!" लसा ओरडला.

"तू काढ रे! रोटी उलटायला थांबतोस का कधी?"

मग शिडी टेकल्याचा आवाज आला.

खोलीत खिडकीतून येणारा उजेड निळसर होता, कारण खिडकी अर्धी बर्फाखाली गेली होती. खिजर मधल्या भिंतीला पाठ लावून बसला होता. मी शेजारी बसलो. कांगडी गार होती. वरून माती गळत होती, बारीक, थांबून थांबून.

"कशाला आलास?"

"करवत न्यायला."

वर पहिलं फावडं पडलं. मग दुसऱ्या अंगाला दुसरं. छप्पर प्रत्येक वेळी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. मी मनात तुळया मोजत होतो. दोन. दोनच.

"मुगली गेली?"

"झूनकडे आहे."

"रजई घेतली?"

"घेतली."

फावडी पडत राहिली. एकदा लाकूड तडकल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी माना खाली घातल्या. काही पडलं नाही. मान वर केली तेव्हा खिजरचा हात माझ्या गुडघ्यावर होता. त्यानं तो काढून घेतला नाही, मीही हललो नाही.

"चांगलं काय जळलं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"माझ्या घराचं. कुठलं लाकूड चांगलं जळलं?"

मी विचार केला. खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "जिना. पायऱ्यांनी एक दुपार काढली. कठडा काहीच कामाचा नव्हता, धूर नुसता."

"कठडा बापानं सफेद्याचा केला होता," खिजर म्हणाला. "आई तेव्हाच म्हणाली होती त्याला."

"तुळई मी जाळली नाही."

"मग त्या गुरुवारी मी कशावर बसलो होतो?"

"माझ्यावर."

मला वाटलं आता तो उठेल, कडी काढेल, बाहेर जाऊन सगळ्यांसमोर मला काय ते बोलेल. किंवा कधीच बोलणार नाही. तेवढ्यात वरून एक मोठं ओझं सरकल्याचा आवाज आला, पत्र्यावरून खरखरत, आणि खिडकीबाहेर पांढरी भिंत कोसळल्यासारखी धप्पदिशी पडली. घर एकदम हलकं झालं. ते ऐकू येतं. कर्र आवाज थांबला.

बाहेर निसार मास्तर ओरडत होते, खांब आणा, आडवे नको, उभे आणा. मग दारावर थाप पडली. या वेळी हळू.

"काक, चार खांब आणलेत. छपराला टेकू द्यायचाय. उघडता?"

खिजर उठला. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला, इतका वेळ की बाहेरच्यांची कुजबुज थांबली. मग त्यानं कडी काढली.

दारात आठ-दहा माणसं होती, खांद्यावर खांब, अंगभर बर्फ, लसा सगळ्यात पुढे. कुणाला खिजरच्या तोंडाकडे बघायचं धाडस होत नव्हतं. सगळे खाली बघत होते.

"बूट बाहेर," खिजर म्हणाला. "मुगलीनं काल सारवलंय."

लसानं खांब खाली ठेवला. मग त्या बर्फात, एका पायावर उभं राहून, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत, सगळ्यांनी बूट काढले आणि एकेक करून आत आले.